चाल कोणाची? : रामकृष्णबुवा वझे यांची नाट्यपदे कशी ऐकावीत



आपल्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक असते, नाटक नसेल तर नाट्यगीतांचा कार्यक्रम असतो. त्यात ‘मर्मबंधातली ठेव’ किंवा ‘परवशता’ ही पदे आली की सभामंडपातली कुजबूज थांबते. अशा वेळी शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला तीन प्रश्न विचारून पाहावेत. पद कोणत्या नाटकातले? उत्तर लगेच येते. ते पूर्वी कोणी गाजवले? मास्टर दीनानाथांनी, हे उत्तर तर विचारण्याआधीच मिळते. चाल कोणाची? येथे मात्र बहुतेक जण थबकतात. कोणी ‘जुनी आहे’ म्हणतो, कोणी दीनानाथांचेच नाव पुन्हा घेतो.

ती चाल रामकृष्णबुवा वझे यांची. गवई म्हणून बुवांना कोणी विसरलेले नाही. ख्यालाचा अभ्यास करणारे, विशेषतः अनवट रागांच्या मागे असणारे, त्यांचे नाव आजही आदराने घेतात. विसर पडला आहे तो रंगभूमीसाठी चाली बांधणाऱ्या वझेबुवांचा. तो का पडला, त्या चालींत असे काय आहे, आणि आपण त्या कशा ऐकाव्यात, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. दोनदा ऐकण्याची तयारी असली की पुरे.

आपल्या शेजारचा माणूस

वझेबुवा १८७१ साली सावंतवाडी संस्थानातील वझरे या गावी जन्मले. हे गाव दोडामार्ग भागातले, म्हणजे डिचोलीच्या अगदी शेजारचे. आज मध्ये राज्याची सीमा आहे. पण ती सीमा आपल्या घराण्यांच्या आठवणीत नवी आहे. तेरेखोलचा किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेले. झेंडे बदलले तरी सोयरिकी, कुळदेवता, दशावतार आणि नाटके नदीच्या दोन्ही काठांवर एकच राहिली. तेव्हा वझेबुवा हे ‘पलीकडचे’ नव्हेत.

लहानपणीच वडिलांचे छत्र गेले. गाण्याचे सुरुवातीचे काही धडे मालवणात विठोबा अण्णा हडप यांच्याकडे मिळाले. तेवढ्यावर भूक भागेना, म्हणून हा मुलगा जवळ पैसा नसताना उत्तरेकडे निघाला. त्या काळी विद्या मिळवणे म्हणजे उस्तादांच्या दारात पाणी भरणे, चिलीम भरणे आणि एखादी चीज कानावर पडेल म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहणे. ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्याकडे त्यांना खरी तालीम लाभली. पुढेही ठिकठिकाणच्या गवयांकडून त्यांनी मिळेल ती चीज गोळा केली. एवढ्या कष्टाने मिळालेले धन त्यांनी मुठीत झाकून ठेवले नाही. ‘संगीत कला प्रकाश’ या दोन भागांच्या पुस्तकात त्यांनी कित्येक चिजा स्वरलिपीसह छापून मोकळ्या केल्या. १९४५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

रंगभूमीशी त्यांचा संबंध दोन मोठ्या नाटक मंडळ्यांमुळे आला. पहिली ललितकलादर्श. तिचे संस्थापक केशवराव भोसले बुवांकडे शिकले, आणि १९२१ मध्ये केशवराव अकाली गेल्यावर मंडळी सांभाळणारे बापूराव पेंढारकर यांनाही बुवांची तालीम होती. दुसरी बळवंत संगीत मंडळी. १९१८ मध्ये ती काढणाऱ्यांत आपल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर होते, आणि तेही बुवांचे शागीर्द झाले. वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ मध्ये आले, सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये. दोन्हींच्या चाली वझेबुवांच्या, आणि दोन्ही नाटके दीनानाथांच्या गळ्याने गाजली.

‘संन्यस्त खड्ग’ची जुळणी आपल्यासाठी विशेष आहे. नाटककार रत्नागिरीत स्थानबद्ध, चाल देणारा वझऱ्याचा, गाणारा मंगेशीचा. एका किनारपट्टीवरच्या तीन माणसांनी मिळून केलेले हे काम आहे. त्यातले दोघे आपल्याला पाठ आहेत. तिसऱ्याचे नाव तेवढे गळले.

नाव का गळले?

यात कोणाचा कट नव्हता. कारणे साधी आहेत आणि ती समजून घेतली तर ऐकण्यालाही मदत होते.

पहिले कारण म्हणजे चाल देण्याकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी. तुमच्या घरात जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक असेल तर उघडून पाहा. पुष्कळ पदांच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असे लिहून एखाद्या हिंदी चिजेचे, लावणीचे, साकीचे किंवा आधीच्या नाटकातल्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून हीच रीत होती. अस्तित्वात असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर मराठी शब्द बसवायचे. त्यामुळे चाल देणारा हा रचनाकार न ठरता जुन्या पेटीतला योग्य दागिना काढून देणारा कारभारी ठरला. जाहिरातीत नटांची नावे मोठी, नाटककाराचे त्याहून थोडे लहान, आणि चाल देणाऱ्याचे नाव असलेच तर शेवटी.

पण दागिना काढून देणे आणि तो दुसऱ्या देहावर शोभेल असा पुन्हा घडवणे यांत फार अंतर आहे. ब्रज भाषेतल्या दोन ओळींच्या चिजेला शब्द थोडे आणि जागा पुष्कळ. मराठी पदाला शब्द पुष्कळ, जोडाक्षरे जड, आणि अर्थ त्याच रात्री प्रेक्षकाच्या कानात पोचला पाहिजे अशी अट. सावरकरांसारख्या संस्कृतप्रचुर लिहिणाऱ्याचे पद घेतले तर ही अडचण दुप्पट होते. कोणता शब्द समेवर ठेवायचा, कोणत्या अक्षरावर गवयाला थांबू द्यायचे, कोठे तान घेतली तर अर्थ मोडणार नाही, हे सगळे ठरवणे ही रचनाच आहे.

दुसरे कारण गायक नट. रंगमंचावर पद वीस-पंचवीस मिनिटे चाले, वन्समोअर पडत, आणि दर वेळी नट नव्या जागा घेई. दीनानाथांसारखा प्रतिभावान गायक असला की श्रोता ते पद त्याचेच समजून घरी जाई. ते अगदीच चूक नव्हते. पण बांधणाऱ्याचे घर राहणाऱ्याच्या नावावर लागले, हेही तितकेच खरे.

तिसरे कारण काळ. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांच्या. ती नाटके संगीत रंगभूमीच्या भर दुपारी आली. वझेबुवांची सर्वांत प्रौढ रचना असलेले ‘संन्यस्त खड्ग’ आले ते १९३१ मध्ये, आणि त्याच वर्षी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट झळकला. पुढच्या वर्षी मराठी बोलपट आला. नाटकगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली. स्वतः बळवंत मंडळीही काही वर्षांत बोलपटाकडे वळली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने नाटकातले गाणेही वेगळ्या, आटोपशीर वळणावर नेले. मावळतीला उमललेल्या फुलाचे झाले तसे या चालींचे झाले. त्यांच्यावर ऊन फार वेळ पडलेच नाही.

चौथे कारण म्हणजे त्या अवघड आहेत. हौशी गळ्याला त्या सहज उचलत नाहीत. जे घरोघरी गुणगुणले जात नाही, त्याचे कर्ते कोण हे विचारायचीही वेळ येत नाही.

परमुलखातला एक दाखला

असे दुर्दैव केवळ आपल्याकडचे नाही. युरोपीय संगीतात एकोणिसाव्या शतकाच्या भावप्रधान परंपरेचे शेवटचे पाईक विसाव्या शतकातही लिहीत राहिले, तेव्हा जग पुढे निघून गेले होते. मॉस्कोत १८८० मध्ये जन्मलेला निकोलाय मेट्नर हा त्यांतला एक. रखमानिनॉफ त्याचा मित्र. त्याने आपला चौथा पियानो कंचेर्टो मेट्नरला अर्पण केला, इतका त्याचा मान होता. पण मेट्नरचे संगीत दाट विणीचे, पहिल्या ऐकण्यात हाती न लागणारे. रशिया सोडून तो अखेर लंडनला राहिला आणि जवळजवळ विस्मृतीत गेला.

त्याला हात दिला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी. स्वतः कर्नाटक संगीतात कृती रचणाऱ्या या राजाने १९४० नंतरच्या दशकात मेट्नरच्या नावाने संस्था काढून त्याच्या रचना त्याच्याच हातून ध्वनिमुद्रित करवून घेतल्या. कृतज्ञतेने मेट्नरने आपला तिसरा कंचेर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये तो वारला, पण तबकड्या राहिल्या. आज पियानो वाजवणारी नवी पिढी त्याच्याकडे पुन्हा वळते आहे.

मेट्नरचे संगीत आणि वझेबुवांचे संगीत यांत काही साम्य आहे असा माझा दावा नाही. साम्य आहे ते नशिबात, आणि उपायातही. उशिरा आलेला, दाट लिहिणारा रचनाकार तरतो तो कोणीतरी नावानिशी त्याची रचना जपली म्हणून. मेट्नरला एक राजा भेटला. आपल्याकडे ते काम घराघरांनी करायचे आहे.

बुवांच्या चालीचे गुण

आता प्रत्यक्ष गाण्याकडे येऊ. तीन गुण लक्षात ठेवले तर बुवांची चाल ओळखू येते.

पहिला गुण रागाची निवड. लोकांच्या परिचयाचा यमन, भूप, भैरवी सोडून थोडे बाजूच्या वाटेने जाणे हा बुवांच्या गायकीचाच स्वभाव होता. ‘मर्मबंधातली ठेव’ घ्या. ते पटदीप रागातले. भीमपलास आपल्या कानाला सरावाचा आहे. पुष्कळ अभंग आणि भावगीते त्यात आहेत. पटदीपाचे पुष्कळसे अंग भीमपलासासारखेच. गंधार कोमल, चढताना रिषभ आणि धैवत वगळायचे, उतरताना घ्यायचे. फरक मुख्यतः एका स्वराचा. भीमपलासात निषाद कोमल असतो, पटदीपात तो शुद्ध होतो. घरी पेटी असेल तर दोन्ही वाजवून पाहा. कोमल निषाद निवांत बसतो. शुद्ध निषाद वरच्या षड्जाच्या उंबऱ्यावर उभा राहतो आणि आत जायला आतुर असतो. हृदयात जपून ठेवलेल्या ठेव्याविषयी बोलणाऱ्या पदाला बुवांनी असा राग दिला की ज्यात निवांतपणा आणि आतुरता शेजारी शेजारी नांदतात. पदाचा अर्थ सांगायला येथे शब्दांइतकाच तो एक स्वर कामाला आला आहे.

दुसरा गुण शब्दांची फेक. भास्करबुवांनी बालगंधर्वांसाठी केलेल्या चालींत लडिवाळपणा आहे, शब्द स्वरात विरघळतो. वझेबुवांच्या चालीत शब्द आघाताने येतो. याचे मूळ ग्वाल्हेरच्या गायकीतल्या बोलतानांत आहे. तेथे बंदिशीची अक्षरे लयीशी झुंज घेत तानेतून येतात. ‘रणदुंदुभि’सारख्या नाटकाला, जेथे पारतंत्र्य हाच विषय, तेथे हे वळण नेमके बसले. ‘परवशता’ या शब्दातली अक्षरे चालीत कशी उभी राहतात ते ऐका. शोक आहे, पण रडवेपणा नाही. दुखावलेला स्वाभिमान आहे. १९६१ पर्यंत परक्या राजवटीत राहिलेल्या आपल्या मुलखात त्या एका शब्दाने जुन्या माणसांच्या मनात काय हलले असेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा गुण गळा ओळखून बांधणे. दीनानाथांचा आवाज पल्लेदार, चपळ, वरच्या सप्तकात निर्भय. बुवांनी त्याला सोपी उतरण न देता चढ दिले. अनपेक्षित ठिकाणी मोठी झेप, मग क्षणात खाली येणे, असे प्रकार या चालींत वारंवार भेटतात. दीनानाथांच्या गाण्यातली जी वीज म्हणतात, ती त्यांची स्वतःची खरीच. पण वीज चमकायला जे आकाश लागते ते गुरूने रचलेले होते.

कसे ऐकावे?

श्रोत्यांनी नेहमी विचारलेला प्रश्न असा की आम्हाला राग कळत नाहीत, मग आम्ही काय करावे? मी पाच साध्या गोष्टी सुचवतो.

एक, पद आधी वाचावे. मोठ्याने, कवितेसारखे वाचावे. तुम्ही ज्या शब्दावर जोर देता तो लक्षात ठेवावा आणि मग चालीत त्या शब्दाला कोठली जागा मिळाली आहे ते पाहावे. पुष्कळदा बुवांनी तुमच्याहून वेगळा शब्द निवडलेला आढळेल. तो का निवडला असेल, एवढा विचार केला की ऐकणे सुरू झाले.

दोन, तबल्याच्या समेकडे कान द्यावा. मुखडा फिरून फिरून समेवर येतो. समेवर येणारे अक्षर हा चालीचा खांब असतो.

तीन, एकच पद दोन-तीन गायकांकडून ऐकावे. ज्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत त्या गायकांच्या. सगळ्यांत सारखे उरते ते चाल देणाऱ्याचे. बांधणी आणि सजावट वेगळी करायची याहून सोपी रीत नाही.

चार, जुन्या तबकडीची मर्यादा ओळखावी. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रंगमंचावर वीस मिनिटे फुलणारे पद त्यात दाटीवाटीने बसवलेले असे. खरखर आणि घाई यांना कंटाळून बंद करू नये. त्या घाईतच चालीचा सांगाडा स्पष्ट दिसतो. खुद्द बुवांच्या आवाजातल्याही काही तबकड्या आहेत. त्या उतारवयातल्या आहेत, आवाजात कोवळीक शोधू नये. तिलककामोद, खंबावती असे राग तीन मिनिटांत किती नेमके उभे राहतात ते पाहावे आणि मग पुन्हा नाट्यपदाकडे यावे. दोन्हींमागे एकच हात आहे हे पटेल.

पाच, पद आवडले नाही तरी दुसऱ्यांदा ऐकावे. ही चाल पहिल्या भेटीत मोकळी होत नाही. आपल्याकडे काही वडीलधारी माणसे अशी असतात. ओळख वाढली की त्यांच्याइतके जवळचे कोणी नसते.

आपल्या हाती काय आहे?

पं. जितेंद्र अभिषेकी हेही मंगेशीचे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यसंगीताला नवे रूप दिले, आणि तेव्हापासून पदाबरोबर संगीतकाराचे नाव सांगण्याची सवय श्रोत्यांना लागली. आज ‘संगीत अभिषेकींचे’ हे कोणीही सांगेल. हा न्याय मागच्या पिढीलाही लावता येईल. त्यासाठी खर्च नाही, फक्त आठवण हवी.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, आपल्या गावच्या उत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरवताना निवेदकाला प्रत्येक पदामागे चाल देणाऱ्याचे नाव सांगायला लावावे. एका वाक्याचे काम आहे. पाच वर्षे नेमाने झाले तर मुलांना ते पाठ होईल.

दुसरी, आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर, फडताळात नाटकांची पुस्तके, पदांच्या वह्या, नाटकांच्या हस्तपत्रिका पडून असतात. पुष्कळ घरांतल्या थोरल्या माणसांनी गावच्या नाटकांतून कामे केली, पेटी धरली, ऑर्गन वाजवला. त्यांच्या वह्यांत पदावर ‘चाल’ म्हणून लिहिलेले दोन शब्द, किंवा समासात खुणावलेले स्वर, हा आज अभ्यासकांना हवा असलेला पुरावा आहे. रद्दीत घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवावा. वाळवी आणि पावसाळा यांना आपल्या भागात निमित्त लागत नाही.

तिसरी विनंती अधिक तातडीची. ज्यांनी ही पदे जुन्या वळणाने ऐकली, वाजवली, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. छापलेली स्वरलिपी शब्द आणि स्वर सांगते. पण कोणत्या अक्षरावर किंचित रेंगाळायचे, पेटीवाल्याने गायकाला कोठे वाट द्यायची, हे कागदावर येत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. घरातले आजोबा पेटीवर बसले तर तो समोर ठेवावा. पद कोणते, नाटक कोणते, ते कोणाकडून शिकले, हे त्यांच्याच तोंडून आधी वदवून घ्यावे, आणि चाल कोणाची हेही.

वझेबुवांनी चिजा मिळवण्यासाठी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला आणि मिळालेल्या चिजा पुस्तकात छापून वाटून टाकल्या. ज्या मुलखात ते जन्मले तेथल्या माणसांना त्यांच्या चाली ऐकायला फार दूर जावे लागत नाही. पुढच्या उत्सवात ‘परवशता’ सुरू झाले, की शेजारच्या मुलाला हळूच नाव सांगा.